पाणी नाकारणारी वाळू

चार-आठ दिवस गावाला जाऊन आल्यावर गॅलरीतल्या कुंडीला तांब्याभर पाणी घातले, तर ते पाणी कसे वागते हे कधी नीट पाहिले आहे? क्षणभर वर तरंगते, मग कडेकडेने कुठेतरी नाहीसे होते आणि लगेच खालच्या बशीत येऊन साचते. बशी भरली, म्हणजे झाड पोटभर प्यायले असे आपण समजतो. जरा बोट खुपसून पाहा. अर्ध्या इंचाखाली माती कोरडी ठणठणीत असते.

याची कारणे दोन. वाळताना माती आक्रसते आणि कुंडीची कड व माती यांच्यात फट पडते, हे एक. दुसरे कारण अधिक विचित्र आहे. पालापाचोळा, खत भरपूर असलेली माती पूर्ण सुकली की ती चक्क पाणी नाकारू लागते. जी जमीन सर्वांत तहानलेली, तीच पाण्याकडे पाठ फिरवते. जगात काही ठिकाणी, विशेषतः वाळूच्या जमिनीत, ही गोष्ट कुंडीपुरती राहत नाही. ती शेतांचे, विहिरींचे आणि म्हणून माणसांच्या आरोग्याचेही गणित बदलते.

डॉक्टरने मातीवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात वाळूचे स्थान फार मोठे आहे. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याची साथ आली आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारचे आल्टोना गाव एल्ब नदीच्या खालच्या अंगाला होते, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणीच ते उचलत होते. तरीही तिथे साथ फारशी पसरली नाही. फरक एवढाच, की आल्टोना पाणी वाळूच्या थरातून सावकाश गाळून घेत होते आणि हॅम्बुर्ग ते तसेच नळाला सोडत होते. रॉबर्ट कॉख यांनी दोन्ही गावांच्या हद्दीवरचा रस्ता दाखवून दिला. रस्त्याच्या एका बाजूला कॉलरा, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाही. वैद्यकीय महाविद्यालयात हा धडा आम्हाला आजही शिकवला जातो, आणि त्यातूनच आमच्या पिढ्यान् पिढ्यांच्या मनात एक श्रद्धा बसली आहे, की वाळू म्हणजे गाळणी.

या श्रद्धेत एक अट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. आल्टोनाची वाळू कायम पाण्याखाली असे. ती ओली होती, आणि पाणी तिच्या प्रत्येक भागातून सारख्याच संथपणे उतरत होते. पावसाचे पाणी जमिनीत असेच उतरते, असे पाठ्यपुस्तकांतली आकृती सांगते. वरून ओल सरकत येते, सिरिंजचा दट्ट्या खाली दाबावा तशी, एका सरळ रेषेत. वरचा थर भिजला, मग त्याखालचा, मग त्याखालचा. आपले शेतकरीही पेरणीआधी वीतभर ओल गेली का ते उकरून पाहतात तेव्हा हेच गृहीत धरतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक रानांत ते चालूनही जाते. पाणी नाकारणाऱ्या वाळूत मात्र दोन हातांच्या अंतरावर उकरले तर एका जागी गुडघाभर ओल आणि दुसऱ्या जागी धूळ, असा प्रकार असतो.

असे का होते, ते समजायला थोडे पदार्थविज्ञान लागते. वाळूचा कण म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, काचेचा सख्खा भाऊच. स्वच्छ काचेवर पाणी पसरते. रक्त तपासताना बोटाला सुई टोचून बारीक काचेची नळी टेकवली, की रक्त आपोआप आत चढते, ते याच ओढीमुळे. यालाच केशाकर्षण म्हणतात. स्वच्छ वाळूतल्या कणांमधल्या फटी म्हणजे अशाच असंख्य नळ्या, म्हणून समुद्रकाठची ओलसर वाळू पाणी शोषून घेते. आता याच कणावर मेणाचा अतिशय पातळ लेप बसला आहे असे समजा. मग तो अळूच्या पानासारखा वागतो. थेंब पसरत नाही, मोत्यासारखा गोल होऊन बसतो. आणि कणांमधल्या नळ्या पाणी ओढण्याऐवजी बाहेर ढकलू लागतात.

हे मेण येते झाडांच्या पानांवरून, मुळांतून आणि मातीतल्या बुरशीतून. पाने कुजतात, पण त्यांच्यावरचे मेण लवकर कुजत नाही, ते कणांवर चढते. निलगिरीच्या जातीची झाडे यात पुढे आहेत. वणवा लागला तर काही मेण तापून वाफ होते, थोडे खाली जाऊन थंड कणांवर पुन्हा जमते. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या जळलेल्या डोंगरउतारांवर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी न मुरता राख-चिखल घेऊन खाली धावते.

पण मेण सगळ्याच मातीत असते, मग हा हट्ट वाळूलाच का? उत्तर क्षेत्रफळात आहे. एक ग्रॅम बारीक वाळूच्या सगळ्या कणांचे पृष्ठभाग उलगडून ठेवले तर साधारण एका पोस्टकार्डाएवढी जागा व्यापतील. आपल्या काळ्या मातीत जी स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते, तिचा एक ग्रॅम उलगडला तर टेनिसची दोन-तीन कोर्टे व्यापेल. पोस्टकार्डाला मेण लावायला कितीसे लागणार? तेवढेच मेण टेनिस कोर्टावर कुठे दिसणारही नाही. म्हणूनच विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात हा प्रकार सहसा आढळत नाही.

जमीन पाणी नाकारते का हे पाहण्याची शास्त्रज्ञांची पद्धत इतकी साधी आहे, की हेवा वाटावा. वाळलेल्या मातीवर ड्रॉपरने पाण्याचा थेंब ठेवायचा आणि घड्याळ लावून बसायचे. पाच सेकंदांच्या आत मुरला तर माती निर्दोष. एका मिनिटापर्यंत वेळ लागला तर दोष सौम्य, दहा मिनिटांपर्यंत लागला तर जोरदार, आणि तासाभराहून अधिक थेंब तसाच बसून राहिला तर अतितीव्र. कुंडीतली माती सावलीत पूर्ण वाळवून हा प्रयोग कोणालाही घरी करता येईल. थेंब बसून राहिलाच, तर वरून पाणी ओतण्यात अर्थ नाही. कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी, म्हणजे खालून ओल चढते. नंतर ती माती पुन्हा इतकी सुकू देऊ नये.

नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर औडडॉर्प नावाचे गाव आहे. तिथल्या गवताळ, जुन्या वालुकाटेकड्यांच्या जमिनीवर लुई डेकर आणि कून रित्सेमा या दोन मृदाशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे काम केले. १९९४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांमुळे या विषयाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. त्यांची पद्धत चिकाटीची होती. जमिनीत चर खणायचा, त्याच्या भिंतीतून थराथराने शंभर मिलिलिटरच्या पोलादी नळकांड्यांत वाळूचे नमुने घ्यायचे, एकेकाचे वजन करायचे, भट्टीत वाळवून पुन्हा वजन करायचे. असे शेकडो नमुने. वरवर ज्या जमिनीत काहीच वेगळे दिसत नाही, तिचा ओलाव्याचा नकाशा त्यातून उभा राहिला. त्यात सरळ रेषा नव्हती. वरून खाली उतरलेली ओली बोटे होती, आणि बोटांच्या मधली वाळू पावसाळी दिवसांनंतरही कोरडी होती. वरच्या थरातले काही नमुने असे, की पाण्याचा थेंब सहा तासांनंतरही त्यांत मुरत नव्हता.

ही बोटे तयार कशी होतात? पाऊस पडतो, पाणी मुरत नाही, म्हणून खळग्यांत साचू लागते. पाण्याची उंची काही सेंटिमीटर झाली की त्याच्या वजनाचा दाब मेणाच्या नकारावर मात करतो आणि एखाद्या कमकुवत जागी पाणी आत घुसते. आत घुसलेल्या पाण्याला खाली ओढायला गुरुत्वाकर्षण असते, पण बाजूला ओढायला कोणीच नसते. नेहमीच्या वाळूत केशाकर्षण पाणी आडवे पसरवून असमानता मिटवते. इथे आजूबाजूचे कोरडे कण पाण्याला हातही लावू देत नाहीत. परिणामी सगळे पाणी त्या अरुंद वाटेने वेगाने खाली जाते. शंभर चौरस फुटांवर पडलेला पाऊस काही मोजक्या चौरस फुटांतून उतरला, तर तो किती खोल जाईल याचा अंदाज कोणीही करू शकेल.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे या वाटांना स्मरण असते. फडक्याचे उदाहरण घ्या. सांडलेल्या पाण्यावर अगदी कोरडे फडके फिरवले तर ते पाणी नुसते पुढे ढकलते, ओले करून पिळलेले फडके मात्र चटकन टिपून घेते. वाळूचेही तसेच आहे. एक ठरावीक ओलावा असतो. त्याच्या खाली गेले की वाळू पाणी नाकारते, वर असले की मुकाट्याने घेते. औडडॉर्पला हा उंबरठा अगदी थोड्या टक्क्यांचा निघाला, आणि खोलीप्रमाणे तो कमी होत गेला. पाऊस थांबल्यावर बोटाच्या जागेची वाळू शेजारच्यापेक्षा जराशी ओलसर राहते, म्हणून पुढच्या पावसाचे पाणी पुन्हा तीच वाट धरते. दीर्घकाळ कोरडे गेल्यावर हे स्मरण पुसले जाते आणि डाव पुन्हा नव्याने मांडला जातो.

हे वाचताना मला फुप्फुस आठवते. निरोगी माणसाच्या फुप्फुसात मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त जाते, आणि रक्ताच्या संपर्कात येणारी हवाही जवळपास तेवढीच असते. बेरीज जुळते. पण काही वायुकोश मिटलेले असले आणि रक्त नेमके तिथूनच वाहून गेले, तर ते प्राणवायू न घेताच हृदयाकडे परत येते. आम्ही याला शंट म्हणतो. सरासरी आकडे ठाकठीक आणि रुग्णाच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर घसरत चाललेला, हे दृश्य करोनाच्या काळात अनेक घरांनी पाहिले. पाणी नाकारणारी वाळू म्हणजे जमिनीतला शंटच. पाणी जाते, पण ज्यांच्या भेटीला जायचे त्यांना न भेटता जाते.

भेट कोणाची, तर मुळांची आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांची. शेतात टाकलेले नत्र, कीटकनाशके, गुरांच्या मलमूत्रातले जंतू यांचा बंदोबस्त मुख्यतः जमिनीच्या वरच्या थरात होतो. मुळे नत्र उचलतात, जिवाणू रसायने मोडतात, जंतू उपासमारीने मरतात. त्यासाठी लागतो वेळ. नेदरलँड्समध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरींभोवतीचा सर्वांत आतला संरक्षित पट्टा आखताना पाण्याला विहिरीपर्यंत पोचायला साठ दिवस लागावेत असा हिशेब धरतात. तेवढ्या काळात रोगजंतू बहुतांशी निकामी होतात. पण बोटांच्या वाटेने उतरणारे पाणी वरचा थर फार लवकर ओलांडते. पाण्यात ब्रोमाइडचे क्षार खूण म्हणून मिसळून डच शास्त्रज्ञांनी हे तपासले. सरासरीवर बेतलेली गणिते जेवढे सांगत होती, त्याच्या कितीतरी आधी ही खूण भूजलापर्यंत पोचली.

त्याच देशात याची दुसरी बाजूही दिसते. आम्स्टरडॅम १८५३ पासून वालुकाटेकड्यांतले पाणी पीत आहे. पुढे टेकड्यांतला साठा पुरेना, तेव्हा १९५७ पासून ऱ्हाईन नदीचे पाणी आणून टेकड्यांमधल्या उघड्या कालव्यांत सोडले जाऊ लागले. ते वाळूतून दोन-तीन महिने झिरपते, मग पुढच्या प्रक्रिया होऊन शहराला मिळते, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन घालावे लागत नाही. म्हणजे एकाच जातीची किनाऱ्यावरची वाळू. कालव्याखाली ती बारमाही ओली असते, म्हणून उत्तम गाळणी. काही अंतरावर गवताखाली उन्हाळ्यात वाळलेली वाळू मात्र गाळणी नव्हे, गळके छप्पर. वाळूचा प्रकार पाहून विहिरीच्या सुरक्षिततेचा निर्णय देणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा, असे मला वाटते. मातीच्या प्रतवारीच्या तक्त्यात तो दिसत नाही.

नायट्रेटचे म्हणाल, तर त्याचा आजार पहिल्यांदा लक्षात आला तो १९४५ मध्ये, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. हंटर कॉमली या डॉक्टरांनी निळसर पडलेल्या तान्ह्या बाळांचा संबंध विहिरीच्या पाण्याशी जोडला. दुधाची पावडर त्या पाण्यात कालवून पाजली जात होती. बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्याच्या कामातून बाद करते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत भूजल ही मर्यादा ओलांडते, हे केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत वारंवार आलेले आहे. त्याचा दोष मेणचट वाळूला देता येणार नाही, खते आणि सांडपाणी ही त्याची कारणे आहेत. पण आपल्या काळ्या जमिनीलाही आडवाटा आहेत. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, आणि पहिल्या जोरदार पावसाचे पाणी वरचा थर टाळून थेट भेगांतून खाली जाते. कारण वेगळे, शंट तोच. एक गोष्ट मात्र घरोघरी माहीत हवी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. बाळाला वरचे दूध द्यायचे असेल आणि पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असेल, तर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

या वाळूचा सर्वांत मोठा फटका बसतो तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गहू पिकवणाऱ्या प्रदेशाला. तिथल्या नैऋत्य भागात एक कोटी हेक्टरच्या घरात जमीन मध्यम ते तीव्र धोक्याची मानली जाते. लांबलचक कोरड्या उन्हाळ्यानंतर एप्रिल-मेच्या सुमारास पाऊस येतो. शेतकरी पेरतो. पण रानाला सारखा वाफसा येतच नाही. ओल्या पट्ट्यातले बी चार-आठ दिवसांत वर येते, हातभर अंतरावरचे कोरड्या वाळूत आठवडेच्या आठवडे तसेच पडून राहते. पीक टप्प्याटप्प्याने उगवते, तणही टप्प्याटप्प्याने उगवते, त्यामुळे फवारणीची वेळ साधत नाही. उघड्या पडलेल्या वाळूला वारा उडवून नेतो तो वेगळाच.

यावर त्यांनी बरेच उपाय करून पाहिले. एक उपाय माझ्या ओळखीचा निघाला. साबणासारखी, पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये पेरणीच्या सरीत सोडायची. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या फुप्फुसात असेच एक द्रव्य पुरेसे नसते, म्हणून त्यांचे वायुकोश मिटतात, हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले. आज आमच्या नवजात विभागात बाळाच्या श्वासनलिकेत सर्फॅक्टंट सोडतात. वाळू आणि फुप्फुस दोन्हीकडे झगडा त्याच पृष्ठताणाशी. शेतात मात्र हे औषध दरवर्षी विकत घ्यावे लागते.

दुसरा उपाय कायमचा, पण कष्टाचा. खालच्या थरातली चिकणमाती खणून काढायची आणि वरच्या वाळूत मिसळायची. पोस्टकार्ड आणि टेनिस कोर्टाचा हिशेब इथे शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो, कारण मेणाला झाकायला आता भरपूर पृष्ठभाग मिळतो. पण हेक्टरी शंभर ते तीनशे टन माती हलवावी लागते, आणि ती नीट मिसळली नाही तर वर कडक पापुद्रा धरतो. मेण खाणारे जिवाणूही तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधले आहेत. मातीतले मेण ते खरोखर खातात, पण त्यांना काम करायला ओल लागते, आणि गाडे अडते नेमके तिथेच.

अलीकडे तिथे रुळत चाललेली एक पद्धत बिनखर्चाच्या जवळ जाणारी आहे. नांगरट करायची नाही. गेल्या वर्षीच्या पिकाची धसकटे रानात तशीच ठेवायची आणि यंदाची ओळ जुन्या ओळीवर किंवा अगदी लगत पेरायची. मेलेल्या मुळांनी वाळूत पोकळ वाटा करून ठेवलेल्या असतात. पाऊस पडला की पाणी आधी त्या वाटांनी उतरते, आणि ते जिथे उतरते तिथेच नवे बी पडलेले असते. ट्रॅक्टरवर उपग्रहाच्या मदतीने दिशा ठरवणारी यंत्रे आल्यापासून गेल्या वर्षीची ओळ बोटभर फरकाने सापडते. दोन ओळींमधली वाळू कोरडीच राहते, आणि शेतकरी तिला कोरडीच राहू देतात.